तेरा मात्रांवर रडल्याबद्दल खुलासा

एका मंगळवारी सकाळी दहा वाजता ‘उत्खनन’ या बँडचा ‘परिमिती’ हा नवा अल्बम प्रसिद्ध झाला आणि दुपारी बाराच्या आत तो एका कवळीकाराला आवडला. मूळ प्रकरण एवढंच. वेळीच दाबलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

कवळीकार म्हणजे दातांच्या कवळ्या बनवणारा माणूस. वय सेहेचाळीस, स्वभाव मवाळ, बोटं मात्र पक्की. दंतवैद्यांकडून आलेल्या हिरड्यांच्या मापांवरून तो घराच्या मागच्या खोलीत साचे ओतायचा, मेणात दात रोवायचा आणि शेवटी फिरत्या चाकावर कवळी घासून गुळगुळीत करायचा. चाकाचा आवाज मोठा, त्यामुळे त्याहून मोठं संगीत लागे. अशा निव्वळ व्यावसायिक कारणाने तो चौदा वर्षांपूर्वी प्रोग्रेसिव्ह मेटलकडे वळला होता. या प्रकारात गिटारी जड असतात, मात्रा विषम असतात आणि गाणं संपलं की अजून चालू आहे हे नवख्या माणसाला दुसऱ्याला विचारून घ्यावं लागतं. त्याचे सासरे त्याच्याच घरी राहत. जमीनमोजणी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी हे संगीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दारावर टकटक करून विचारलं होतं, “जावईबापू, मशीन बिघडलंय का? माणूस बोलावू?”

‘परिमिती’ची त्याने नऊ वर्षं वाट पाहिली होती. त्या सकाळी एका निवृत्त शिक्षिकेची खालची कवळी हातात होती. पहिली दोन गाणी नेहमीसारखी अंगावर आली. तिसरं गाणं ‘भिंतीपर्यंत’. तेरा मात्रांचं आवर्तन, बारा ठोके आणि तेराव्या मात्रेला काहीच नाही. नुसती रिकामी जागा. मग पुन्हा बारा ठोके. सातव्या की आठव्या फेरीला त्या रिकाम्या जागेत त्याचे हात थांबले. त्याने चाक बंद केलं. कवळी मांडीवर ठेवली आणि चांगला रडला. कशासाठी ते त्यालाही कळलं नाही. बायको शाळेत निघाली होती, ती दारातून डोकावली आणि काही न विचारता खांद्यावर टॉवेल टाकून गेली.

अल्बम संपल्यावर त्याने ‘उत्खनन श्रोता मंडळा’चं प्रतिक्रिया प्रपत्र उघडलं. मंडळ नोंदणीकृत होतं. सभासद दोन हजार चारशे, नियमावली चौसष्ट कलमांची, आणि कवळीकाराचा सभासद क्रमांक नऊ. प्रपत्रात तीन रकाने होते: ‘अभूतपूर्व’, ‘मागचा अल्बम अधिक चांगला होता’ आणि ‘मत मुरण्यास वेळ लागेल’. त्याला हवा तो रकाना कुठे दिसेना. शेवटी त्याने मंडळाच्या पानावर साध्या शब्दांत लिहिलं, “ऐकला. आवडला. छान आहे. तिसऱ्या गाण्याला रडलो.”

दुपारपर्यंत ते पानावरून काढण्यात आलं. संध्याकाळी नोटीस आली.

नोटीस मंडळाच्या सचिवांची होती. सचिव व्यवसायाने विमा कंपनीचे सर्वेक्षक. आयुष्यभर जळालेली दुकानं आणि चेपलेल्या मोटारी पाहून त्यांचा एक सिद्धांत बनला होता की, नुकसान झाल्याचं सांगणारा माणूस मुळात संशयित असतो. नोटिशीत चार मुद्दे होते. एक, कलम अकरानुसार किमान सात वेळा, बसून, हेडफोन लावून आणि अन्य कोणतेही काम न करता अल्बम ऐकणे बंधनकारक असताना सभासदाने तो एकदाच आणि कवळी घासत ऐकला. दोन, ‘छान’ या शब्दास मंडळाच्या परिभाषेत स्थान नाही. तीन, प्रथम श्रवणात आवडणे ही बाब अल्बमच्या प्रतिष्ठेस बाधक आहे. चार, तेरा मात्रांचे आवर्तन पूर्णपणे मोजून होण्यापूर्वी सभासदाने रडणे उरकले. सबब सभासदत्व का निलंबित करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

एरवी कवळीकाराने नोटीस चुरगाळून टाकली असती. पण पुढच्या महिन्यात उत्खननचा ड्रमर मंडळात येणार होता. फक्त सभासदांची भेट. चौदा वर्षांत असा योग पहिल्यांदा येत होता, आणि आता तर त्याला ड्रमरला एक गोष्ट सांगायची होती. निलंबित झाला असता तर दारातूनच परत.

“बाबा, जरा बघता का हे?” त्याने कागद सासऱ्यांपुढे धरला.

सासऱ्यांनी चष्मा लावला. निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. त्यांनी नोटीस दोनदा वाचली, प्रेमाने घडी घातली आणि म्हणाले, “माणूस जाणता आहे. ‘सबब’ कुठे वापरायचं ते हल्ली कुणाला कळत नाही. बसा जावईबापू. पहिला प्रश्न: तुम्हाला ते आवडलं हे लेखी आहे का?”

“हो. मीच लिहिलंय.”

“तिथेच चुकलात. आवडलेलं कधी लेखी देऊ नये. आता नाकारता येणार नाही, पण पातळ करता येईल. ‘तत्त्वतः आवडला’ असं लिहू. तत्त्वतः लावलं की कुठलीही गोष्ट निम्मी होते. पुढे, काम करत ऐकलं?”

“हो.”

“काम करत नव्हतात. ‘हातांची हालचाल सुरू होती.’ आणि रडण्याचं काय ते नीट सांगा. पाणी किती आलं?”

“बाबा, मी खरंच रडलो हो.”

“ते मला सांगताय ते ठीक. पण मागच्या खोलीत साच्याची पांढरी भुकटी उडते की नाही?”

“उडते.”

“डोळ्यांत जाते की नाही?”

“जाते कधी कधी.”

“झालं तर!” सासऱ्यांनी कागद पुढे ओढला. “मी खोटं लिहीत नाही. मी फक्त दोन खऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो.”

खुलासा पावणेचार पानांचा झाला. त्यात ‘नेत्रस्राव’ हा शब्द सहा वेळा होता. सही करताना कवळीकाराने पेन मध्येच उचललं, पण समोर ड्रमर दिसत होता. भेट झाली की सगळं खरं खरं सांगू, असं त्याने मनाला समजावलं आणि सही पूर्ण केली.

सुनावणी रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात झाली. कार्यालय एका मोटार शिकवणाऱ्या शाळेच्या वरच्या मजल्यावर होतं, त्यामुळे अधूनमधून खालून “क्लच, क्लच दाबा!” असं ऐकू येई. लांब टेबलामागे सचिव, मध्ये अध्यक्ष आणि कडेला दोन सदस्य. अध्यक्ष त्वचारोगतज्ज्ञ होते आणि त्यांचं सगळं अध्यक्षपद दोन शब्दांत मावत असे.

“खुलासा वाचला,” सचिव म्हणाले. “भुकटीचा मुद्दा समाधानकारक आहे.”

“नोंद घ्या,” अध्यक्ष म्हणाले.

“तरीपण एक शंका राहते. अल्बम एकदाच ऐकून, तत्त्वतः का होईना, आवडला कसा? आम्ही समितीतल्या चौघांनी मिळून तो अठ्ठावीस वेळा ऐकलाय आणि अजून एकालाही आवडलेला नाही. म्हणजे काम किती सखोल आहे ते लक्षात घ्या.”

“मला वाटतं, तो तसा अवघड नाहीये,” कवळीकार म्हणाला.

खाली कुणाची तरी मोटार बंद पडली.

“अवघड नाही?” सचिवांनी पेन खाली ठेवलं.

“म्हणजे तिसरं गाणं तर आमच्या घरी सगळे गुणगुणतात. बायको वह्या तपासताना गुणगुणते. तिला यातलं काही कळत नाही, पण—”

तो थांबला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. नऊ वर्षांनी आलेला अल्बम. त्यावर मंडळाच्या सभासदांनी ‘दुर्बोध’, ‘अभेद्य’, ‘सामान्य कानांस अगम्य’ अशा शेकडो प्रतिक्रिया नोंदवलेल्या. आणि इकडे कवळीकाराची बायको, शाळेतली विज्ञानाची एक शिक्षिका, तो वह्या तपासताना गुणगुणत होती. सचिवांच्या कपाळावर घाम आला. यातून दोनच निष्कर्ष निघत होते. एक तर अल्बम सोपा होता, आणि मग शेकडो प्रतिक्रिया खोट्या पडत होत्या. किंवा ती बाई तज्ज्ञ होती.

“पुढच्या रविवारी त्यांना घेऊन या,” सचिव म्हणाले.

“नोंद घ्या,” अध्यक्ष म्हणाले.

बायको आधी तयार होईना. “मी काय गुन्हा केलाय? भांडी घासताना शिट्टी वाजवते त्याचीही चौकशी लावतील उद्या,” ती म्हणाली. पण नवऱ्याचा पडलेला चेहरा बघून गेली. सचिवांनी स्टॉपवॉच काढलं. “गुणगुणा,” ते म्हणाले. बाईंनी आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग गुणगुणायला सुरुवात केली. बारा ठोके, रिकामी जागा. बारा ठोके, रिकामी जागा. तीन मिनिटांत एकही मात्रा हलली नाही. दोन्ही सदस्य आपापल्या बोटांवर मोजत होते. त्यातला एक अकराव्या मात्रेवर हरवला आणि त्याने खोकल्याचं निमित्त केलं.

“तुम्ही मोजता कसं?” सचिवांनी विचारलं.

“मोजत नाही. दम लागला की थांबायचं, मग परत निघायचं. तसंच आहे ना ते?”

सचिवांनी सदस्यांकडे पाहिलं. सदस्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. बाईंना दहा मिनिटं जिन्यात उभं करण्यात आलं आणि ठराव एकमताने संमत झाला: सदर महिलेस मंगळवारी सकाळी दहा वाजून एक मिनिटापासून, पूर्वलक्षी प्रभावाने, मंडळाच्या मानद तज्ज्ञ म्हणून घोषित करण्यात येत आहे, सबब तिचे गुणगुणणे हे सामान्य व्यक्तीचे गुणगुणणे समजण्यात येऊ नये.

“अभिनंदन,” सचिव म्हणाले. “आता तज्ज्ञ म्हणून अल्बमविषयी आपलं मत सांगा.”

“मत कसलं? मला नाही आवडत ते,” बाई म्हणाल्या. “डोक्यात बसलंय, जात नाही, म्हणून गुणगुणते. वैताग आलाय नुसता.”

सचिवांना गहिवरून आलं. इतकी कसदार प्रतिक्रिया मंडळाच्या इतिहासात आली नव्हती. त्यांनी ती शब्दशः उतरवून घेतली, तिच्यावर चाळीस पानांचं विवरण लिहिलं आणि मंडळाची अधिकृत प्रतिक्रिया म्हणून बँडकडे पाठवून दिली. ‘वैताग’ या संज्ञेची व्याख्या परिशिष्टात दिली होती. कवळीकाराला पत्र गेलं की, त्याने ‘आवडला’ हा शब्द तत्त्वतःसकट मागे घेतल्यास सभासदत्व अबाधित राहील. सासऱ्यांनी पत्र पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. “तडजोड सन्मानाची आहे. माघार त्यांनी घेतली, शब्द तुम्ही मागे घ्या.”

त्याने शब्द मागे घेतला.

ड्रमर ठरल्या दिवशी बरोबर चार वाजता आला. स्टेजवर डोंगरासारखा दिसणारा माणूस प्रत्यक्षात बुटका होता आणि खुर्चीत अंग चोरून बसला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत मंडळाची चाळीस पानं होती, कोपरे मुडपलेली. साठेक सभासद आले होते. कवळीकार दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. काय बोलायचं ते त्याने चार दिवस चाकाच्या आवाजात म्हणून पाहिलं होतं. वाक्य साधंच होतं.

सचिवांनी प्रास्ताविक केलं. प्रश्नोत्तरं सुरू झाली. पाचव्या गाण्यातला बदल सव्वीस मात्रांचा धरायचा की तेरा दुणे, यावर पाऊण तास चर्चा झाली. ड्रमरला विचारलं तर तो म्हणाला, “मी मोजलं नव्हतं,” तेव्हा त्याला नम्रपणे सांगण्यात आलं की हा प्रश्न त्याच्यासाठी नाही.

शेवटी ड्रमरनेच हात वर केला. परवानगी मिळाल्यावर उठून उभा राहिला.

“मला एक विचारायचं होतं,” तो म्हणाला. “अल्बम आला त्या दिवशी तुमच्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं. तिसऱ्या गाण्याला रडलो, असं. मी ते वाचलं. दुपारी परत बघायला गेलो तर नव्हतं.” तो जरा थांबला. “ते गाणं माझ्या आईचं आहे. पायाच्या ऑपरेशननंतर ती बोळात चालायला शिकत होती. मी मागून चालायचो. बारा पावलं टाकायची आणि भिंतीला हात लावून थांबायची. मग परत बारा. मी कुणाला हे सांगितलं नाही. गाण्यातही शब्द नाहीत. म्हटलं, कुणाला तरी नुसतं ऐकून कळतंय का बघू. नऊ वर्षांत तेवढंच एक पत्र आलं म्हणायचं. तो माणूस इथे आहे का? मला फक्त त्याला भेटायचंय. त्यासाठीच आलो.”

कवळीकाराला बायकोचे शब्द आठवले: दम लागला की थांबायचं, मग परत निघायचं. त्याचे गुडघे आपोआप उठायला निघाले.

“तसा उल्लेख अभिलेखावर नाही,” सचिव शांतपणे म्हणाले. “एक प्रकरण होतं, ते निकाली निघालं. संबंधित सभासदाच्या डोळ्यांत भुकटी गेली होती. त्यांचा सहीनिशी खुलासा आहे.” त्यांनी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. “हवं तर ते स्वतः सांगतील.”

साठ माना वळल्या. चौदा वर्षांची ओळखीची माणसं. यांच्याखेरीज त्याला कुणी मित्र नव्हते. मेटल ऐकणाऱ्या कवळीकाराला दुसरीकडे कोण विचारतं? ड्रमरही पाहत होता, मान पुढे काढून, लहान मुलासारखा.

कवळीकार उठला. तोंड उघडलं. चार दिवस घोटलेलं वाक्य जिभेवर होतं.

“भुकटीच होती,” तो म्हणाला.

ड्रमर काही बोलला नाही. ती शांतता कवळीकाराला सहन होईना, म्हणून त्याने ती भरून काढली. “बाकी रचनेच्या दृष्टीने बोलायचं तर... मागचा अल्बम अधिक चांगला होता.”

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी “अगदी बरोबर!” असं ओरडलं. सचिवांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहून स्मित केलं. “नोंद घ्या,” अध्यक्ष म्हणाले. ड्रमरने मान डोलावली, पिशवी उचलली, सगळ्यांशी हात मिळवले आणि जिना उतरून गेला.

घरी बायको दारातच उभी होती. “भेटला? सांगितलंस त्याला?”

“गर्दी होती,” तो म्हणाला आणि शर्ट बदलायला आत गेला.

ती त्याच्या मागे आली. “काय म्हणाला मग तो?”

“काही नाही. शांत माणूस आहे.”

त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही. सासऱ्यांनी मात्र रात्री जेवताना सगळी हकिकत काढून घेतली आणि ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, “जावईबापू, माझ्या नोकरीत मी हजारो खुलासे लिहून दिले. लोकांनी ते साहेबापुढे वाचायचे असतात. मनात ठेवायचे नसतात हो.”

पुढच्याच महिन्यात कवळीकाराला समितीवर घेण्यात आलं.

उत्खननचा पुढचा अल्बम दोनच वर्षांत आला. चौऱ्याऐंशी मिनिटांचा. त्यात सतरा मात्रा होत्या, एकोणीस होत्या, एका ठिकाणी साडेतेवीस होत्या. रिकामी जागा कुठेही नव्हती. भिंत, बोळ, पाऊल किंवा कुणाची आई यांचा कशाशीही संबंध नव्हता. ड्रमरने एका मुलाखतीत सांगितलं की या वेळी श्रोत्यांना कसलाही त्रास होऊ नये याची पूर्ण काळजी घेतली आहे.

मंडळाने तो एकमुखाने अभूतपूर्व ठरवला. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठी प्रतिक्रिया समिती सदस्य कवळीकार यांची होती. बाराशे शब्दांची, अत्यंत समतोल, ‘छान’ हा शब्द टाळून लिहिलेली. अल्बम प्रसिद्ध झाल्यावर चौथ्या मिनिटाला ती पानावर आली आणि दहाव्या मिनिटापर्यंत दोन हजार तीनशे अठरा जणांनी तिला अंगठा दिला.

ती यादी आम्ही सवडीने पाहिली. वाचकहो, तिच्यात आपलंही नाव आहे. तक्रार काही नाही. त्या वेळी आपण कितव्या गाण्यावर होता, तेवढं कळवावं.